गॅलसेफ डुक्कर आणि हृदयाची झडप: एका साखरेचं प्रकरण

टिश्यू व्हॉल्व्ह बरणीत येतो. झाकण उघडलं की मास्कमधूनही ग्लुटाराल्डिहाइड या रसायनाचा तिखट वास जाणवतो. झडपेला दोऱ्याने एक छोटा टॅग बांधलेला असतो. त्यावरचा नंबर मी मोठ्याने वाचते, बाहेरची सिस्टर खोक्यावरचा वाचते, दोन्ही जुळले की टॅग कापायचा. मग सलाईनच्या भांड्यांतून झडप एकामागून एक धुवायची, हलकेच हलवत, घड्याळ लावून. हातातली वस्तू पांढरट-पिवळी, ओल्या चामड्यासारखी मऊ, तीन पाकळ्या एकमेकींना टेकून मिटलेल्या. ती डुकराची झडप असते, नाहीतर गाईबैलांच्या हृदयावरणाचा पडदा कापून शिवलेली.

कार्डियाक ओटीत, म्हणजे हृदयाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये, मी बरीच वर्षं काढली आहेत. या प्रकरणाकडे माझं लक्ष गेलं ते एका पेशंटमुळे. वय २७, खेड्यातली, लहानपणी रुमॅटिक ताप येऊन गेलेला. तेव्हा घशाचं दुखणं अंगावर काढलं, मग सांधे सुजले, ताप उतरला, सगळे विसरले. वीस वर्षांनी दम लागायला लागला तेव्हा कळलं की मायट्रल झडप खराब झालीय. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तिने मला विचारलं, "सिस्टर, ही झडप कशाची असती? गाईची का डुकराची?" मी खरं ते सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "कशाची बी असू द्या. टिकंल किती वरसं?"

"दहा वर्षं धरून चाला, ताई," मी म्हटलं.

साडेआठ वर्षांनी ती परत आमच्याच टेबलवर होती. सर्जननी काढलेली जुनी झडप मी किडनी ट्रेमध्ये ठेवली तर टक् असा आवाज आला. त्याच मऊ पाकळ्या आता खरबरीत, कडक झाल्या होत्या, कडांना चुन्याचे खडे धरावेत तशा गुठळ्या. एक पाकळी मुळाशी फाटली होती. पाणी तापवायच्या भांड्याच्या तळाशी क्षाराचा थर बसतो ना, हुबेहूब तसं. हा थर का बसतो, तरुण माणसात लवकर का बसतो, आणि ज्या प्राण्याची ती झडप आहे तो प्राणीच बदलला, जसं जनुकबदल केलेलं गॅलसेफ डुक्कर, तर तो थर थांबेल का, हा या प्रकरणाचा विषय आहे.

मग धातूची झडप का नाही?

कारण ती बाई २७ वर्षांची होती आणि तिला मूल हवं होतं. धातूची झडप वर्षानुवर्षं टिकते. आपल्याकडे त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत तयार झालेली चित्रा झडप १९९० च्या डिसेंबरमध्ये पहिल्यांदा माणसाला बसवली गेली आणि तिने हजारो गरीब रुग्णांचा जीव वाचवला. पण धातूवर रक्ताची गुठळी धरते, म्हणून रक्त पातळ करायची गोळी जन्मभर चालू ठेवावी लागते. बहुतेक पेशंट तिला ॲसिट्रोम या नावाने ओळखतात. गोळी कमी पडली तर झडप अडकते, जास्त झाली तर मेंदूत रक्तस्राव. मधली वाट धरायला आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याचा आकडा, तपासत राहावं लागतं. ज्या गावातून तालुक्याला दिवसातून दोन एसट्या जातात तिथे हे म्हणजे महिन्याला एक रोजगार बुडवणं. शिवाय या जातीची औषधं वारेतून बाळापर्यंत पोचतात. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत त्यांनी बाळात व्यंग येऊ शकतं, आणि बंद केली तर आईच्या झडपेवर गुठळी.

अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचना साधारण असं सांगतात: पन्नाशीच्या आत धातू, पासष्टीनंतर टिश्यू, मधल्या वयात माणूस बघून ठरवा. सूचना योग्य आहेत. पण त्या देशात झडप बदलणारा माणूस बहुतेक वेळा सत्तरीचा असतो. २०१५ च्या जागतिक अंदाजानुसार रुमॅटिक हृदयविकाराचे जगभरात सुमारे ३ कोटी ३४ लाख रुग्ण होते आणि त्या वर्षात ३ लाख १९ हजार मृत्यू. यातले बहुतांश आपल्यासारख्या देशांतले, आणि वयाने तरुण. टिकाऊ टिश्यू झडपेची सगळ्यात जास्त गरज ज्यांना आहे त्यांच्याच शरीरात ती सगळ्यात कमी टिकते.

एक साखर, जी आपल्यात नाही

प्राण्याची झडप माणसात बसवायची कल्पना जुनी आहे. १९६५ मध्ये पॅरिसमध्ये बिने, कार्पांतिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती प्रत्यक्षात आणली. त्या पहिल्या झडपा काही वर्षांतच निकामी झाल्या, कारण शरीर त्यांना परकं मानून पोखरत होतं. आलां कार्पांतिएंनी मग ग्लुटाराल्डिहाइड वापरलं. हे रसायन प्रथिनांना एकमेकांत घट्ट गुंफतं, जवळजवळ कातडं कमावतात तसं. ऊती मेलेली राहते, सडत नाही, आणि शरीरालाही ती फारशी दिसत नाही असं सगळ्यांना वाटलं. टिश्यू झडपेचा सगळा व्यवसाय या एका रसायनावर उभा राहिला.

पण ग्लुटाराल्डिहाइड पकडतं ते प्रथिनांना. पेशींच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या साखळ्याही असतात, आणि त्यातल्या एकीचं नाव अल्फा-गॅल. डुक्कर, गाय, मेंढी, उंदीर, जवळजवळ सगळे सस्तन प्राणी ती बनवतात. माणूस, चिंपांझी-गोरिलासारखी बिनशेपटीची वानरं आणि आफ्रिका-आशियातली माकडं बनवत नाहीत. आपल्या पूर्वजांत ती बनवणारं जनुक २ कोटींहून जास्त वर्षांपूर्वी बंद पडलं. आपल्या आतड्यातल्या काही जिवाणूंवर मात्र तशीच साखर असते, त्यामुळे आपलं शरीर तिच्याविरुद्ध आयुष्यभर प्रतिपिंडं (अँटीबॉडी) बनवत राहतं. उरी गॅलिली यांनी १९८४ मध्ये ही प्रतिपिंडं ओळखली. आपल्या रक्तातल्या प्रतिपिंडांचा सुमारे एक टक्का भाग फक्त या एका साखरेसाठी राखलेला असतो.

म्हणजे झडप बसवायच्या आधीच पेशंटच्या रक्तात तिच्याविरुद्ध फौज तयार असते. जिवंत अवयव बसवला तर ही फौज काही मिनिटांत, फार तर काही तासांत तो काळानिळा करून टाकते. कमावलेल्या, मेलेल्या ऊतीत असा स्फोट होत नाही, म्हणून कित्येक वर्षं कुणी तिकडे लक्ष दिलं नाही. पण प्रतिपिंडं चिकटतात, पाठोपाठ दाह, आणि दाह झालेल्या जागी कॅल्शियम. क्षार बसायला इतर कारणंही आहेतच: मेलेल्या पेशींचं उरलेलं मेद, ग्लुटाराल्डिहाइडचे उरलेले अंश, तरुण शरीरातली कॅल्शियमची जोरकस उलाढाल. एकटी अल्फा-गॅल दोषी आहे असं कुणी म्हणत नाही. पण तरुणांमध्ये प्रतिकारशक्ती तेज असते आणि झडपाही त्यांच्यातच लवकर जातात, हा धागा सोडून देण्यासारखा नाही.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या मॅकग्रेगर आणि बर्न यांच्या गटाने २०११ मध्ये एक साधा, सुंदर प्रयोग छापला. नेहमीच्या डुकराच्या आणि अल्फा-गॅल नसलेल्या डुकराच्या हृदयावरणाचे कमावलेले तुकडे घेतले, काहींना माणसाच्या प्रतिपिंडांत भिजवलं आणि उंदरांच्या कातडीखाली ठेवले. नेहमीच्या तुकड्यांत, माणसाची प्रतिपिंडं लागल्यावर, कॅल्शियम वाढलं. अल्फा-गॅल नसलेल्या तुकड्यांवर त्या प्रतिपिंडांचा परिणाम झाला नाही. या शोधनिबंधाच्या लेखकांत आलां कार्पांतिएही आहेत. ज्या माणसाने ग्लुटाराल्डिहाइडची वाट दाखवली, तोच चाळीस वर्षांनी तिची उणीव भरून काढायच्या कामात होता. मला याचा फार आदर वाटतो.

डुक्कर कसं तयार झालं

अल्फा-गॅल नसलेलं डुक्कर २००२ साली जन्माला आलं. ते तयार केलं पीपीएल थेराप्युटिक्सने, म्हणजे डॉली मेंढीच्या कामात रोझलिन संस्थेसोबत असलेल्या कंपनीने. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात. पहिली प्रत शास्त्रज्ञांनी जनुक-अभियांत्रिकीने निकामी केली. दुसरीसाठी त्यांनी एक युक्ती लढवली. एका आतड्यातल्या जिवाणूचं विष अल्फा-गॅलला पकडूनच पेशीत शिरतं. त्यांनी पेशींवर ते विष सोडलं. ज्या पेशींत दुसरी प्रतही आपोआपच्या उत्परिवर्तनाने बिघडली होती, त्या तेवढ्या वाचल्या. त्या पेशींपासून क्लोन केलेली पिल्लं निरोगी निघाली. पुढे या कामातून रेव्हिव्हिकोर ही कंपनी उभी राहिली आणि २०११ मध्ये युनायटेड थेराप्युटिक्सने ती घेतली. डुकराच्या या वाणाचं नाव गॅलसेफ.

१४ डिसेंबर २०२० रोजी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध नियामक संस्थेने, गॅलसेफला परवानगी दिली. जनुकबदल केलेल्या एकाच प्राण्याला खाण्यासाठी आणि वैद्यकीय वापराच्या शक्यतेसाठी अशी दुहेरी मान्यता तिथे पहिल्यांदाच मिळत होती. खाण्याचा संबंध असा: अमेरिकेत एका जातीची गोचीड चावल्यावर काही लोकांना अल्फा-गॅलची तीव्र ॲलर्जी होते. मटण, बीफ, पोर्क खाल्लं की तीन-चार तासांनी अंगावर गांधी उठतात, कधी जीवावर बेततं. हे कोडं सुटलं ते कर्करोगावरच्या सेटुक्सिमॅब या औषधामुळे. आग्नेय अमेरिकेतल्या पेशंटना ते देताच रिॲक्शन येत होती, आणि थॉमस प्लॅट्स-मिल्स यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवलं की त्या औषधावर अल्फा-गॅल आहे आणि या पेशंटच्या रक्तात तिच्याविरुद्धची ॲलर्जीची प्रतिपिंडं आधीपासून आहेत. अशा माणसाला डुकराची किंवा गाईची झडप बसवायची वेळ आली तर काय? प्लॅट्स-मिल्स यांच्याच व्हर्जिनियातल्या सर्जननी ही ॲलर्जी असलेल्या रुग्णांत टिश्यू झडप अकाली बिघडल्याचं नोंदवलं आहे. आणि पेशंटला बायपासवर, म्हणजे हृदय-फुप्फुसाचं काम करणाऱ्या यंत्रावर, घेण्यापूर्वी रक्त गोठू नये म्हणून आम्ही जे हेपॅरिन भरपूर मात्रेत देतो, तेही डुकराच्या आतड्यातूनच काढतात. हा मुद्दा वाचल्यापासून मी ॲलर्जीच्या रकान्यात औषधांसोबत मांसाचंही विचारते.

परवानगीच्या बातम्या आल्या तेव्हा बऱ्याच जणांचा समज झाला की आता न बिघडणारी झडप आलीच. एफडीएने असं काहीही म्हटलं नव्हतं. कंपनीच्या अर्जात ॲलर्जी टळते याची आकडेवारीही नव्हती, आणि एफडीएने तेही स्पष्ट सांगितलं. मान्यता होती डुकराला. त्याच्या ऊतीपासून झडप, औषध किंवा अवयव करायचा तर प्रत्येकासाठी वेगळा अर्ज, वेगळे पुरावे.

आणखी एक गल्लत इथेच दूर करते. जानेवारी २०२२ मध्ये मेरीलँड विद्यापीठात एका रुग्णाला डुकराचं अख्खं हृदय बसवलं गेलं आणि तो सुमारे दोन महिने जगला. ते डुक्करही रेव्हिव्हिकोरचंच, पण त्याच्यात दहा जनुकबदल होते, कारण ते हृदय जिवंत राहून धडकायला हवं होतं. झडपेचं तसं नाही. झडप मेलेलीच असते. तिला रक्तपुरवठा नको, रोज प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या नकोत. तिने फक्त दिवसाला एक लाख वेळा उघडझाप करायची आणि कडक व्हायचं नाही. म्हणून मला वाटतं, जनुकबदल केलेल्या प्राण्यांचा सर्वात मोठा आणि सर्वात कमी धोक्याचा उपयोग झडपेतच आहे, आणि बातम्या मात्र सगळ्या अख्ख्या हृदयाच्या होतात.

मेंढीला जे दिसत नाही

तर मग अडतं कुठे? मला सगळ्यात जास्त विचारात पाडणारा भाग हा आहे.

नवी झडप माणसात बसवण्याआधी ती लहान वयाच्या मेंढीत बसवून बघतात, साधारण २० आठवडे. कोवळ्या मेंढीत कॅल्शियम भराभर साठतं, म्हणून ती कडक परीक्षा मानली जाते. पण मेंढी स्वतः अल्फा-गॅल बनवते. तिच्या रक्तात तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं नसतात. म्हणजे नेहमीच्या डुकराची झडप आणि गॅलसेफची झडप मेंढीत शेजारी शेजारी ठेवली, तरी ज्या एका कारणासाठी गॅलसेफ केलं ते कारणच त्या परीक्षेत नाही. दोघींचा निकाल सारखाच येणार. कंपनीच्या बैठकीत कुणीतरी विचारणार की मग वेगळा कळप पाळायचा, त्याचं वेगळं कत्तलखान्याचं कंत्राट करायचं, ते कशासाठी? आणि त्या प्रश्नाला मेंढीच्या कागदांत उत्तर नाही.

बबून माकडात अल्फा-गॅल नसते, तिथे फरक दिसतो. पण दुसरी एक साखर आहे, एन-ग्लायकोलिल न्यूरॅमिनिक आम्ल. ती डुकरात असते, गाईत असते, बबूनमध्येही असते. माणसात मात्र नसते, कारण तिचं जनुक आपल्याच वंशात, चिंपांझीपासून वेगळं झाल्यावर बंद पडलं. या साखरेपुरती माकडाची परीक्षाही आंधळी.

ही दुसरी साखर किती महत्त्वाची, हे २०२२ साली नेचर मेडिसिनमध्ये आलेल्या एका युरोपीय-आंतरराष्ट्रीय अभ्यासाने दाखवलं. महाधमनीची झडप बदललेले १,६६८ रुग्ण, रक्ताचे ४,९९८ नमुने, काहींचा पाठपुरावा १५ वर्षांपर्यंत. झडप बसवल्यावर महिनाभरात दोन्ही साखरांविरुद्धची प्रतिपिंडं वाढलेली दिसली. नंतर ती उतरली, पण प्राण्याची झडप नसलेल्या रुग्णांत अल्फा-गॅलविरुद्धची प्रतिपिंडं जितक्या वेगाने उतरली, तितक्या वेगाने टिश्यू झडपवाल्यांत उतरली नाहीत. काढून टाकलेल्या, क्षार बसलेल्या टिश्यू झडपांत दुसरी साखर, तिच्याविरुद्धची प्रतिपिंडं आणि त्यांच्यामागून येऊन हल्ला चढवणारी रक्तातली पूरक प्रथिनं सापडली, माणसाच्या स्वतःच्या क्षार बसलेल्या झडपांपेक्षा कितीतरी जास्त. आणि दोन्ही साखरा नसलेली ऊती उंदरांत ठेवली तेव्हा दुसऱ्या साखरेविरुद्धची प्रतिपिंडं सोडूनही कॅल्शियम वाढलं नाही.

मी हा अभ्यास वाचला त्या रात्री ट्रेमधला तो टक् आवाज परत ऐकू आला. त्या पाकळ्यांतही हेच घडलं होतं असं मी म्हणू शकत नाही, कारण ती झडप कुणी तपासली नाही. आपल्याकडे काढलेली झडप पॅथॉलॉजीत जाते ती संसर्ग बघायला, साखर बघायला नाही.

गॅलसेफमध्ये एकच साखर काढलेली आहे. दोन्ही काढलेली डुकरं इंडियाना विद्यापीठाच्या गटाने २०१३ मध्ये तयार केली. पण आजच्या बऱ्याच टिश्यू झडपा डुकराच्या नसून गाईबैलांच्या हृदयावरणाच्या आहेत. आपल्या वापीत तयार होणारी, मांडीतून कॅथेटरने बसवायची मायव्हालही त्याच पदार्थाची. म्हणून इटलीतल्या क्रेमोना गावी गाल्ली आणि पेरोता यांच्या प्रयोगशाळेने दोन्ही साखरा नसलेली गुरं केली. २००३ मध्ये जगातली पहिली क्लोन घोडी जन्मली ती गाल्लींच्याच हातून, क्रेमोनातच. माझ्या मते या प्रकरणातलं पुढचं महत्त्वाचं पाऊल गॅलसेफपेक्षा या गुरांत आहे, जरी गाजावाजा गॅलसेफचा झाला.

दुसऱ्या बाजूने रसायनशास्त्रही पुढे सरकलं आहे. ग्लुटाराल्डिहाइडची मोकळी टोकं बंद करून, झडप द्रवाऐवजी ग्लिसरॉलने कोरडी ठेवण्याची पद्धत आता वापरात आहे आणि तिचे पहिल्या काही वर्षांचे निकाल चांगले आहेत. प्राणी न बदलता काम होत असेल तर कंपनी कळप का पाळेल? हा युक्तिवाद मला समजतो. पण त्या चाचण्यांतले रुग्णही मुख्यतः साठीच्या पुढचे आहेत. साठीत पाच-सात वर्षं चांगलं चाललेलं, पंचविशीत वीस वर्षं चालेल का, याचं उत्तर त्यांतून निघत नाही.

म्हणून मला वाटतं, साखर काढलेल्या ऊतीच्या झडपेची चाचणी पहिल्यांदा म्हाताऱ्यांत घेणं ही चूक ठरेल. म्हाताऱ्यांत नेहमीची झडपही पंधरा वर्षं चालते, त्यामुळे फरक दिसायला पंधरा वर्षं जातील आणि तोवर पैसा आणि धीर दोन्ही संपतील. ज्यांना तसाही टिश्यू व्हॉल्व्हच बसणार आहे अशा तरुण रुग्णांत, बहुधा मूल हवं असलेल्या बायकांत, नेहमीची झडप आणि नवी झडप यांची तुलना केली तर पाच-सहा वर्षांतच इको (हृदयाची सोनोग्राफी) सांगायला लागेल. असे रुग्ण आमच्या वॉर्डात आहेत, आपल्या प्रत्येक मोठ्या सरकारी रुग्णालयात आहेत. त्यासाठी ऑपरेशनच्या आधी, महिन्याने आणि मग दर वर्षी रक्ताचा एक नमुना राखून ठेवायचा, आणि झडप काढावी लागलीच तर ती फेकायची नाही. संमती घेताना प्राणी कोणता, त्यात काय बदललं, काय अजून सिद्ध व्हायचंय, हे तिच्या भाषेत सांगायचं. गरीब देशातल्या बाईवर प्रयोग नको ही भीती खरी आहे आणि ती कायम जागी राहायला हवी. पण तिला वगळून केलेली चाचणी तिच्या प्रश्नाचं उत्तर देणार नाही, आणि आठ वर्षांनी छाती पुन्हा तिचीच उघडली जाणार.

दुसऱ्या खेपेला तिने धातूची झडप घेतली. मुलगी सहा वर्षांची झाली होती, आता मूल नको म्हणाली. डिस्चार्जच्या दिवशी मी तिला आयएनआरची वही दिली, गोळी संध्याकाळी एकाच वेळेला घ्यायची हे पुन्हा सांगितलं, आणि पहिल्या पानावर पुढच्या तपासणीची तारीख लिहिली. तिने वही मुलीच्या दप्तरात ठेवली. मुलीने आईच्या छातीला कान लावला आणि म्हणाली, "आई, घड्याळ वाजतंय."